डोळ्यांवर बांधलेला पडदा : स्पष्ट किती, सोसवेल किती?

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या गावातले एक शिक्षक संध्याकाळी दवाखान्यात आले. सोबत त्यांची मुलगी सुप्रिया (नाव बदलले आहे) होती. खुर्चीवर बसता बसताच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हिच्या डोक्याचा सीटी स्कॅन करून टाकू. तुम्ही फक्त चिठ्ठी द्या. पैशांची सोय केली आहे."

सुप्रिया बावीस वर्षांची. संगणक अभियांत्रिकीची पदवी घेऊन नुकतीच घरी आलेली. पुण्याच्या एका कंपनीत नोकरी लागली होती, पण रुजू व्हायला दोन महिने अवकाश होता. महिनाभर तिचे डोके रोज संध्याकाळी दुखत होते, मळमळत होते, आठवड्यातून एक-दोनदा उलटी होत होती. तीन आठवड्यांपूर्वी ती माझ्याकडे येऊन गेली होती. मी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, आम्लपित्त असावे असे ठरवून गोळ्या लिहून दिल्या आणि जागरण करू नकोस असा उपदेश केला. संध्याकाळी ती नेमके काय करते, हे मात्र विचारले नाही. ती चूक माझीच.

या वेळी विचारले. ती म्हणाली, "काका, मी सहा ते नऊ हेडसेट लावून बसते." तिची कंपनी कारखान्यातल्या कामगारांना आभासी यंत्रांवर प्रशिक्षण देणारे कार्यक्रम तयार करते. सराव व्हावा म्हणून ती धाकट्या भावाचा, कोणाकडून तरी जुना घेतलेला व्हर्च्युअल रिॲलिटीचा हेडसेट घरच्या संगणकाला जोडून वापरत होती. भाऊ त्याच हेडसेटवर तासन्‌तास मोटारींच्या शर्यती खेळतो आणि त्याला काहीही होत नाही. त्यामुळे वडिलांनी निष्कर्ष काढून ठेवला होता : "पोराला काही होत नाही, पोरीला झेपत नाही. नोकरीला नाही म्हणून कळवून टाकू." मुलीच्या डोळ्यांत पाणी आले.

तपासणीत मेंदूच्या आजाराची कोणतीही खूण नव्हती. तरीही डोकेदुखी आणि उलटी एकत्र असल्यामुळे आधी नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्यांचा पडदा तपासून घेतला. तो निर्दोष निघाला. स्कॅन लांबणीवर टाकला आणि रविवारी मी त्यांच्या घरी जाऊन ते यंत्र स्वतःच्या डोक्यावर चढवले. तेव्हापासून या विषयाचा बराच अभ्यास झाला. आता शहरांतल्या मॉलमध्ये, महाविद्यालयांत आणि घराघरांत हे यंत्र दिसू लागले आहे. "कोणता हेडसेट घेऊ?" असे तरुण मुले विचारतात आणि "डोळे बिघडतील का?" असे पालक विचारतात. दोन्ही प्रश्नांचे उत्तर बरेचसे एकाच ठिकाणी आहे, म्हणून आजचा लेख.

यंत्र आहे तरी काय?

आपल्या दोन डोळ्यांना एकाच वस्तूची किंचित वेगळी चित्रे दिसतात. मेंदू ती एकत्र करतो आणि खोलीचा बोध होतो. हे तत्त्व दाखवणारे स्टिरिओस्कोप नावाचे उपकरण चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये जगापुढे मांडले. लहानपणी आपण डोळ्यांना लावून ताजमहाल पाहायचो तो व्ह्यू-मास्टर त्याचाच वंशज. संगणकाने काढलेली चित्रे डोक्यावर बसवलेल्या पडद्यांवर दाखवण्याचा प्रयोग अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये केला. ते यंत्र इतके जड होते की छताला टांगावे लागे.

आजच्या हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्यासमोर एक छोटा पडदा, त्याच्यापुढे एक भिंग आणि डोके कुठे वळले हे ओळखणारी साधने असतात. मान वळवली की चित्रही तितकेच वळते. पडदा डोळ्यापासून काही सेंटिमीटरवर असला, तरी भिंगामुळे चित्र साधारण सव्वा ते दोन मीटरवर असल्यासारखे दिसते. हा आकडा लक्षात ठेवा. चष्म्याचा हिशोब त्यावरच आहे.

तक्त्यावरची कितवी ओळ?

जाहिरातीत पिक्सेलचे आकडे असतात. पिक्सेल म्हणजे चित्राचा सर्वांत लहान ठिपका. आकडा मोठा असला म्हणजे चित्र स्पष्ट, असे दुकानदार सांगतो. पण खरा प्रश्न असा, की दृष्टीच्या एका अंशात किती ठिपके बसतात? एकच धोतर दोन जणांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धेच येते. तसेच ठिपके तेवढेच ठेवून चित्र जास्त रुंद पसरले, तर प्रत्येक अंशाच्या वाट्याला कमी ठिपके येतात.

डोळे तपासताना सहा मीटरवर अक्षरांचा तक्ता असतो. ज्याला '६/६' ची ओळ वाचता येते त्याची नजर चांगली. त्या ओळीतले अक्षर जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर उंचीचे असते आणि त्याची एकेक रेघ डोळ्याशी एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन करते. म्हणजे निरोगी डोळ्याला एका अंशात ६० ठिपके वेगळे ओळखता येतात. हेडसेटने ६/६ चे चित्र द्यायचे, तर त्याने प्रत्येक अंशात ६० पिक्सेल द्यायला हवेत.

आता प्रत्यक्षातले आकडे पाहू. २०१६ मध्ये बाजारात आलेल्या ऑक्युलस रिफ्ट आणि एचटीसी व्हाइव्ह या दोन्हींमध्ये प्रत्येक डोळ्यामागे १०८० गुणिले १२०० पिक्सेल होते. अंशामागे साधारण १२. तक्त्याच्या भाषेत ही नजर सुमारे ६/३० झाली. २०१९ च्या व्हॉल्व्ह इंडेक्समध्ये पिक्सेल १४४० गुणिले १६०० झाले, पण चित्र जास्त रुंद असल्यामुळे अंशामागचा आकडा फारसा वाढला नाही. २०२० च्या क्वेस्ट २ मध्ये (१८३२ गुणिले १९२०) तो २० च्या आसपास पोचला, म्हणजे ६/१८. २०२३ च्या मेटा क्वेस्ट ३ मध्ये (२०६४ गुणिले २२०८) तो २५ झाला. ही नजर ६/१८ आणि ६/१२ या दोन ओळींच्या मध्ये येते. पायमॅक्स क्रिस्टलसारख्या, खास संगणकावरच्या खेळांसाठी घेतल्या जाणाऱ्या यंत्रात डोळ्यामागे २८८० गुणिले २८८० पिक्सेल आहेत आणि कंपनी अंशामागे ३५ सांगते. ही नजर ६/१० च्या जवळ जाते.

हे आकडे कोरडे वाटत असतील तर कोजागरीचा चंद्र आठवा. पूर्ण चंद्र आकाशात सुमारे अर्धा अंश जागा व्यापतो. आपला डोळा त्या अर्ध्या अंशात ३० ठिपक्यांइतका तपशील पाहतो, म्हणून चंद्रावरचे डाग दिसतात. २०१६ च्या हेडसेटमध्ये तोच चंद्र सहा ठिपक्यांत उरकायचा, क्वेस्ट ३ मध्ये बारा-तेरा ठिपक्यांत.

मी स्वतः शर्यतीच्या मोटारीत बसलो तेव्हा समोरचा रस्ता झकास दिसला, पण वेगाच्या काट्याखालचे आकडे वाचायला मान पुढे काढावी लागली. चष्म्याचा नंबर वाढला की काय, अशी शंका आली. तसे काही नव्हते. डोळा तोच होता, चित्रच ६/१८ चे होते.

येथे एक गैरसमज दूर करतो. असे चित्र पाहिल्याने डोळा अधू होत नाही. हेडसेट काढला की नजर पूर्ववत असते. मात्र पुसट अक्षरे वाचण्याची धडपड तासन्‌तास केली तर डोळे आणि कपाळ दुखते, हे खरे.

म्हणून कोणता खेळ खेळायचा हे आधी ठरवा. 'बीट सेबर'सारख्या, तालावर समोरून येणारे चौकोनी ठोकळे कापण्याच्या खेळाला बारीक अक्षरे वाचावी लागत नाहीत. तेथे २० चा आकडा पुरतो. 'हाफ-लाइफ : ॲलिक्स' (२०२०) सारख्या खेळात अधिक स्पष्टता मजा वाढवते. विमान चालवण्याच्या किंवा शर्यतीच्या खेळात मात्र दूरची धावपट्टी आणि यंत्रफलकावरचे आकडे दिसावेच लागतात. तेथे २५ च्या खाली जाऊ नये आणि ३५ मिळाले तर उत्तम.

भिंगांचे तीन प्रकार

पिक्सेल कितीही असले, तरी ते भिंगातून पाहायचे आहेत. जुन्या बहुतेक हेडसेटमध्ये फ्रेनेल भिंग असे. फ्रान्सच्या ऑगस्तँ फ्रेनेल यांनी ते एकोणिसाव्या शतकात दीपगृहासाठी बनवले. जाड भिंगाचा पोटातला भाग काढून वर्तुळाकार खाचा ठेवायच्या, म्हणजे वजन कमी होते. दोष असा, की काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे आली की खाचांवरून प्रकाश विखुरतो आणि अक्षरांना शेपट्या फुटतात. शिवाय चित्र मध्यभागीच स्पष्ट दिसते, कडेला पुसट होते. मग बाजूचे पाहायला डोळे न फिरवता मान फिरवावी लागते.

दुसरा प्रकार 'पॅनकेक' भिंगाचा. यात प्रकाश आतल्या आत परावर्तित होऊन पुढे-मागे जातो, त्यामुळे भिंग चपटे होते. क्वेस्ट ३ मध्ये हेच आहे. चित्र जवळजवळ कडेपर्यंत स्पष्ट राहते. तोटा असा, की बराच प्रकाश वाटेत वाया जातो. तिसरा प्रकार पायमॅक्स क्रिस्टलमधल्या काचेच्या अखंड भिंगाचा. चित्र उजळ आणि निर्मळ, पण वजन जास्त.

म्हणूनच पिक्सेल सारखे असलेले दोन हेडसेट डोळ्यांना सारखे वाटत नाहीत. २०२४ मध्ये आलेला क्वेस्ट ३एस स्वस्त आहे, पण त्यात पडदा क्वेस्ट २ एवढ्याच पिक्सेलचा आणि भिंगे फ्रेनेलची आहेत. प्लेस्टेशन व्हीआर २ (२०२३) मध्ये डोळ्यामागे २००० गुणिले २०४० पिक्सेल आहेत आणि ओएलईडी पडद्यामुळे काळा रंग खरोखर काळा दिसतो, पण भिंगे फ्रेनेलचीच. २०२४ पासून तो वेगळे जोडयंत्र घेऊन संगणकालाही जोडता येतो. प्रत्येकाची बाजू वेगळी.

दोन बाहुल्यांमधले अंतर

आता सुप्रियाकडे वळू. मी साधी मिलिमीटरची पट्टी घेऊन तिच्या दोन बाहुल्यांमधले अंतर मोजले. ५७ मिलिमीटर भरले. भावाचे ६६. तो हेडसेट अशा प्रकारचा होता, की त्याची भिंगे तीन ठरावीक खाचांवर सरकत. भावाने ती सर्वांत रुंद खाचेवर ठेवली होती, म्हणजे ६८ वर. सुप्रियाला खाच असते हेच माहीत नव्हते.

प्रौढ माणसात हे अंतर सरासरी ६३ मिलिमीटर असते. बहुतेकांचे ५० ते ७५ मध्ये बसते आणि स्त्रियांचे सरासरीने पुरुषांपेक्षा कमी असते. बाहुली भिंगाच्या मध्यासमोर आली नाही तर भिंगाच्या कडेतून पाहावे लागते. चित्र धूसर होते, अक्षरांना रंगीत किनार येते आणि दोन डोळ्यांची चित्रे जुळवताना डोळ्यांचे स्नायू शिणतात. दुसऱ्याचा चष्मा लावून तीन तास पेपर वाचल्यावर काय होईल, तेच येथे होते.

केव्हा तरी असा समज पसरला, की स्त्रियांना ही यंत्रे निसर्गतःच सोसत नाहीत. २०२० मध्ये के स्टॅनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत या समजाचीच परीक्षा घेतली. स्त्रियांना होणाऱ्या जास्त त्रासामागे, यंत्राची भिंगे त्यांच्या बाहुल्यांच्या अंतराशी न जुळणे हे मोठे कारण आढळले. भिंगे नीट जुळली, तेव्हा स्त्री आणि पुरुष यांच्या त्रासात तसा फरक राहिला नाही. मी हे शिक्षकांना सांगितले. ते काही बोलले नाहीत, पण पट्टी हातात घेऊन त्यांनी मुलीच्या डोळ्यांचे अंतर स्वतः पुन्हा मोजले.

खरेदीपूर्वी चष्म्याच्या दुकानात आपले अंतर मोजून घ्या. पाच मिनिटांचे काम आहे. क्वेस्ट २ आणि क्वेस्ट ३एस मध्ये ५८, ६३ आणि ६८ अशा तीनच जागा आहेत. क्वेस्ट ३ मध्ये चाक फिरवून ५८ ते ७१ पर्यंत हवे ते अंतर लावता येते. घरात चौघे वापरणार असतील तर चाक असलेला हेडसेट बरा, आणि प्रत्येकाने आपला आकडा कागदावर लिहून डब्यावर चिकटवावा.

चष्मा काढायचा की ठेवायचा?

सुप्रियाला दूरचा नंबर आहे, उणे पावणेदोन. हेडसेटमध्ये चष्म्याची दांडी अडकते म्हणून ती चष्मा काढून ठेवत असे. पडदा डोळ्याजवळ आहे, मग दूरचा चष्मा कशाला, असा तिचा हिशोब. पण भिंगामुळे चित्र दीड मीटरवर आहे आणि तिला चष्म्याविना साठ सेंटिमीटरपलीकडचे पुसट दिसते. म्हणजे पुसट चित्रावर आणखी पुसटपणा.

नियम सोपा आहे. उणे एकपेक्षा जास्त नंबर असेल तर चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स किंवा हेडसेटच्या आत बसणारी नंबराची काच, यांपैकी काहीतरी हवेच. चष्मा लावलात तर त्याची काच हेडसेटच्या भिंगाला घासत नाही हे पाहा, नाहीतर दोन्हींवर ओरखडे येतात. चाळिशीनंतर फक्त वाचण्याचा चष्मा लागला असेल तर तो येथे लावू नका. चित्र वाचनाच्या अंतरावर नसते.

चष्मा बरोबर असला तरी एक ताण शिल्लक राहतोच. एखादी वस्तू जवळ आणली की दोन्ही डोळे आत वळतात आणि त्याच वेळी डोळ्यातले भिंग जवळचे पाहण्यासाठी फुगते. जन्मापासून या दोन क्रिया जोडीने चालतात. हेडसेटमध्ये आभासी चेंडू नाकासमोर आला की डोळे आत वळतात, पण खरे चित्र दीड मीटरवरच असल्यामुळे भिंगाने तेथेच राहावे लागते. बैलजोडीतल्या एकाला उजवीकडे आणि दुसऱ्याला डावीकडे हाकल्यासारखे होते. या ओढाताणीने नजर आणि डोळे दोन्ही थकतात, हे २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथील संशोधकांनी प्रयोगाने दाखवले. महाग यंत्र घेतले म्हणून हा दोष जात नाही. त्यावर उपाय विश्रांती हाच.

संगणक आणि 'गाडी लागणे'

एसटीने आंबा घाट उतरताना खिडकीशी पिशवी धरून बसलेली माणसे आपण पाहिली आहेत. गाडी लागते ती का? आपल्या अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्या शरीराची हालचाल मेंदूला कळवतात. पुस्तकात डोके घातलेल्या प्रवाशाचे डोळे सांगतात 'आपण स्थिर आहोत' आणि कान सांगतो 'वळतो आहोत'. दोन साक्षींचा मेळ बसत नाही आणि मळमळ सुरू होते. ज्यांच्या दोन्ही अंतर्कर्णांचे हे काम पूर्ण बंद पडले आहे त्यांना गाडी लागत नाही, यावरून कानाचे महत्त्व कळते. हेडसेटमध्ये उलटे घडते. डोळे सांगतात 'मोटार ताशी दोनशेने वळली' आणि कान सांगतो 'आपण खुर्चीत बसलो आहोत'.

आता यात घरच्या संगणकाचा काय संबंध? मान वळवल्यावर चित्र वळायला उशीर झाला, की साक्षींचा मेळ आणखी बिघडतो. हा उशीर सेकंदाच्या पन्नासाव्या भागापेक्षा, म्हणजे २० मिलिसेकंदांपेक्षा कमी असावा असे या क्षेत्रातले तंत्रज्ञ मानतात. त्यासाठी चित्र सेकंदाला ९० वेळा नवे काढावे लागते. साध्या फुल एचडी पडद्यावर सुमारे २१ लाख पिक्सेल असतात. क्वेस्ट ३ च्या दोन पडद्यांवर मिळून ९१ लाख. सेकंदाला ९० वेळा म्हणजे ८२ कोटी ठिपके रंगवायचे. हे काम ग्राफिक्स कार्ड करते. ते दुबळे असेल तर चित्र अडखळते आणि खेळणाऱ्याचे पोट ढवळते.

म्हणून येथे एक विचित्र गोष्ट घडते. जितका स्पष्ट हेडसेट, तितका संगणकावरचा भार जास्त. जुन्या संगणकाला महागडा हेडसेट जोडणारा अधिक स्पष्ट चित्र विकत घेतो आणि सोबत उलटीही विकत घेतो. सुप्रियाच्या घरी हेच होते. भावाने चित्राची प्रत सर्वांत वरच्या पायरीवर ठेवली होती आणि संगणक मेटाकुटीला आला होता. खेळाच्या मांडणीत जाऊन सावल्या, धूर, गवत यांची प्रत खाली आणली तेव्हा चित्र सुरळीत झाले. थोडे कमी देखणे चित्र चालेल, अडखळणारे चालणार नाही.

जोडणीचाही भाग आहे. काही हेडसेट संगणकाच्या ग्राफिक्स कार्डाला थेट डिस्प्लेपोर्टच्या तारेने जोडतात. व्हॉल्व्ह इंडेक्स, पायमॅक्स क्रिस्टल हे त्यातले. क्वेस्टच्या जातीचे हेडसेट संगणकाकडून यूएसबी किंवा वाय-फायने चित्र घेतात. त्यासाठी चित्र दाबून पाठवावे लागते, त्यात गर्द झाडी आणि अंधारातले तपशील थोडे हरवतात, उशीरही थोडा वाढतो. मात्र पायांत तार अडकत नाही. वाय-फाय वापरायचे असेल तर राउटर त्याच खोलीत असावा आणि संगणक राउटरला तारेने जोडावा.

जुना हेडसेट घेणाऱ्यांना एक सूचना. एचपी रिव्हर्ब जी२ (२०२०) हा डोळ्यामागे २१६० गुणिले २१६० पिक्सेलचा, चित्राला उत्तम हेडसेट होता. पण तो ज्या विंडोज मिक्स्ड रिॲलिटी या व्यवस्थेवर चालत असे, ती मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीतून काढून टाकली. स्वस्तात मिळाला म्हणून भुलू नका.

कोणी जपावे?

फिट येणाऱ्यांनी आणि ज्यांच्या घरात फिटचा आजार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट लावू नये. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये 'पोकेमॉन' या कार्टूनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश वेगाने लुकलुकला आणि ६८५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले, त्यांत बहुतेक मुले होती. तो तर समोरचा दूरदर्शन संच होता. येथे पडदा डोळ्यांवर बांधलेला असतो.

हृदयाचा पेसमेकर किंवा कानातले शस्त्रक्रियेने बसवलेले उपकरण असेल तर यंत्रासोबतची सूचना वाचून आपल्या तज्ज्ञांना विचारा. चक्कर येण्याचा जुना विकार, अर्धशिशी, गर्भारपण यांत टाळलेले बरे.

लहान मुलांच्या बाबतीत कंपन्या स्वतःच सावध आहेत. मेटाने २०२३ पासून पालकांच्या देखरेखीखाली १० वर्षांची अट ठेवली, त्यापूर्वी ती १३ होती. लहान मुलाच्या बाहुल्यांमधले अंतर इतके कमी असते की भिंगे त्याला जुळतच नाहीत. त्याला रोज दोन तास उन्हा-उजेडात मैदानावर खेळू द्या. नंबर वाढू नये म्हणून त्याचा उपयोग होतो, हे अभ्यासांनी दाखवलेले आहे.

एखाद्याला हेडसेटमध्ये खोली जाणवतच नसेल, सगळे सपाट दिसत असेल, तर एका डोळ्याची नजर मंद किंवा डोळा किंचित तिरळा असण्याची शक्यता आहे. नेत्रतज्ज्ञांना दाखवा. गंमत म्हणजे अशा मंद डोळ्यावर उपचार म्हणून ४ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी हेडसेटवर चालणाऱ्या 'ल्युमिनोपिया' या पद्धतीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये मान्यता दिली. विषाचा औषधासारखा उपयोग आपल्याकडे जुना आहे. पण ते वैद्याच्या हातून.

लक्षात ठेवा

१. पहिले आठ दिवस एका वेळी १५ ते २० मिनिटेच. मळमळ सुरू झाली की त्याच क्षणी काढा. सोसून सवय होत नाही, उलट नंतर हेडसेट पाहताच मळमळते.

२. सुरुवात उभे राहून एका जागी खेळण्याच्या खेळांनी करा. शर्यत आणि विमान नंतर.

३. घाटात घेतो ती मळमळीची गोळी घेऊन खेळू नका. तिने झोप येते आणि तोल जातो.

४. काढल्यावर डोके हलके वाटत असेपर्यंत मोटारसायकलला किल्ली लावू नका.

५. डोक्यावरचा पंखा बंद करा. हात वर करून खेळताना पात्याला बोटे लागतात. टेबल, तिवई, लहान मूल आजूबाजूला नको.

६. वजन पाहा. क्वेस्ट ३ चे ५१५ ग्रॅम आहे, व्हॉल्व्ह इंडेक्सचे ८०० ग्रॅमच्या वर. मानदुखी असणाऱ्यांनी मागे वजन तोलणारा पट्टा घ्यावा.

७. मॉलमधला हेडसेट डोळ्यांच्या कातडीला टेकतो आणि आधी दहा जणांनी घातलेला असतो. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळ्यांची साथ आली होती, ती आठवा. पुसून घेतल्याशिवाय लावू नका आणि साथीच्या दिवसांत मुळीच नको.

८. हेडसेट उन्हात ठेवू नका. भिंगातून ऊन पडद्यावर एकवटते आणि पडदा जळतो.

एक इशारा मात्र विसरू नका. पहाटे झोपेतून उठवणारी डोकेदुखी, हेडसेट काढून दिवस उलटला तरी एकाचे दोन दिसणे, एका डोळ्याची नजर कमी होणे, हातापायात अशक्तपणा किंवा फिट, यांपैकी काही झाले तर यंत्राला दोष देत घरी बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

सुप्रियाची भिंगे ५८ च्या खाचेवर आणली, आतमध्ये तिच्या नंबराच्या काचा बसवल्या, संगणकाची मांडणी बदलली आणि सुरुवातीला वीस मिनिटांनंतर विश्रांती असा नियम घालून दिला. पहिल्या आठवड्यात एकदाच डोके दुखले, तिसऱ्या आठवड्यात तक्रार राहिली नाही. स्कॅन करावा लागला नाही. जानेवारीत ती पुण्याला रुजू झाली. परवा फोन आला होता. तिच्या विभागात नवीन माणूस आला, की यंत्र डोक्यावर चढवण्याआधी ही मुलगी पट्टी घेऊन त्याच्या डोळ्यांचे अंतर मोजते म्हणे.

मीही एक सवय लावून घेतली आहे. तरुण रुग्ण डोकेदुखीची तक्रार घेऊन आला, की रक्तदाब पाहण्याआधी विचारतो, "संध्याकाळी काय करतोस?"